नकाशाला खोली हवी

ऑगस्टमध्ये पावसाने दोन-तीन आठवड्यांची ओढ दिली की एकाच गावात, एकाच दिवशी पेरलेल्या, एकाच वाणाच्या सोयाबीनची दोन रूपे दिसतात. ओढ्याकाठच्या भारी रानातले पीक दुपारी मान टाकते, पण संध्याकाळी सावरते. उतारावरच्या मुरमाड रानातले पीक मात्र फुले गाळते आणि पाऊस परत येईपर्यंत हातचे गेलेले असते. पाऊस दोघांवर सारखाच पडला, बियाणे सारखे, खतही सारखे. फरक पडला तो माती किती खोल आहे यामुळे. काळ्या चिकणमातीचा एक मीटर थर ढोबळमानाने दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवतो. भर वाढीतल्या खरीप पिकाला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे मीटरभर खोल मातीत महिनाभर तग धरण्याइतकी ओल असते, तर जिथे पंचवीस सेंटिमीटरवर मुरूम लागतो तिथे आठ-दहा दिवसांची. महाराष्ट्रात सोयाबीन आणि कापूस मिळून सुमारे ९० लाख हेक्टरवर घेतले जातात आणि त्यातले बहुतेक क्षेत्र पावसावर अवलंबून आहे. या शेतीचे भवितव्य पावसाच्या आकड्याइतकेच मातीच्या खोलीवर ठरते. तरीही शेतीच्या नियोजनासाठी आपण जे नकाशे, जी ॲप आणि जे पोर्टल उभे केले, त्यांत गटनंबरनिहाय, खड्डा घेऊन मोजलेली मातीची खोली नाही. ही उणीव भरून काढल्याशिवाय आणि शेतीवरचा सरकारी खर्च त्या माहितीला बांधल्याशिवाय, ‘नकाशाधारित नियोजन’ हे शब्द पोकळच राहतील.

शेतकऱ्याच्या हातात आज कोणते कागद आहेत ते पाहू. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, आकारणी आहे, पीक आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. ती उपयुक्त आहे, पण ती शेतात काय उभे आहे ते सांगते, शेताला काय पेलवेल ते नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेवर देशभर मोठी मेहनत घेतली गेली. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक, या हिशेबाने नमुने घेतले गेले. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्तासारखी सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नमुना वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थरातला असतो. त्याखाली काय आहे, मुरूम किती खोलीवर लागतो, चुनखडीचा थर आहे का, पाणी जिरते की तुंबते, यातले काहीच त्या बारा गोष्टींत नाही. खताची मात्रा ठरवायला ती पत्रिका पुरते. पीक निवडायला, फळबाग लावायला किंवा शेततळ्याची जागा ठरवायला ती पुरत नाही, कारण ती त्यासाठी तयारच केलेली नाही.

विशेष म्हणजे हीच खोली या राज्यात एकेकाळी शेतोशेत मोजली गेली होती. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी आणि प्रतवारीची जी पद्धत सुरू केली, तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागातली माती खणून पाहिली जाई. रंग आणि पोत यांवरून मातीचे तीन प्रकार, आणि पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंतच्या खोलीवरून नऊ प्रती. त्यावर दोष वेगळे नोंदवले जात: चुनखड, वाळूचे प्रमाण, उतार, पाण्याने धुपणे, पाणी न जिरणे. हेतू सारा वसूल करण्याचा होता, शेतकऱ्याच्या कल्याणाचा नव्हता, आणि हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पाहायचे काय, हे त्या माणसांना नीट कळले होते. जमिनीची ताकद खाली किती माती आहे यावर ठरते आणि ते खणल्याशिवाय कळत नाही, हे त्यांनी कार्यपद्धतीतच बसवले होते. सातबाऱ्यावरची आकारणी त्या प्रतवारीची वारस आहे. ज्या मोजमापावर ती उभी होती ते मोजमाप मात्र मागे जुन्या दप्तरांत राहिले. आणि ते जसेच्या तसे आज वापरताही येणार नाही, कारण मधल्या पावणेदोनशे वर्षांत कितीतरी उतारांवरची माती वाहून गेली आहे.

आधुनिक काळात काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरातच आहे. राष्ट्रीय संस्थेने देशातील सर्व राज्यांचे मृदा नकाशे एकास अडीच लाख या प्रमाणावर तयार केले, देशाचे वीस कृषी-पर्यावरणीय प्रदेश आखले, आणि त्यावर संशोधनाची मोठी इमारत उभी राहिली. पण प्रमाण या शब्दाचा व्यवहारातला अर्थ काय, हे समजून घ्यायला हवे. एकास अडीच लाख म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. अशा नकाशावर स्वतंत्रपणे दाखवता येईल असा सर्वांत लहान तुकडा साधारण अडीचशे हेक्टरचा असतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खाते १.३४ हेक्टरचे आहे. म्हणजे त्या एका तुकड्यात पावणेदोनशेहून अधिक खातेदारांची शेती सामावते, आणि दख्खनच्या पठारावर एवढ्या अंतरात टेकडीचा माथा, बरड, मध्यम उतार आणि ओढ्याकाठचे गाळाचे रान असे सगळेच येऊ शकते. देशाचे किंवा जिल्ह्याचे धोरण आखायला हा नकाशा उत्तम आहे. त्यावरून एखाद्या गावाला सल्ला देणे म्हणजे नकाशाचा गैरवापर, आणि त्याचा दोष नकाशा करणाऱ्यांना देता येणार नाही. एकास दहा हजार या प्रमाणावर तोच सर्वांत लहान तुकडा एका एकराच्या आसपास येतो. खरे काम तिथून सुरू होते.

आता उपग्रह असताना खणायचे कशाला, असे साहजिकच विचारले जाते. उपग्रहांनी बरेच काही सोपे केले आहे यात शंका नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे काही दिवसांच्या अंतराने कोणालाही फुकट मिळतात. आपल्या रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याची चित्रे त्याहूनही बारीक, सहा मीटरच्या आतल्या तपशिलाची असतात. खरिपात ढग आड येतात तेव्हा रडार उपग्रह ढगांच्या आरपार पाहतात. भूभागाच्या उंचीच्या प्रारूपांवरून उतार, ओढे-नाल्यांचे जाळे आणि पाणलोटाच्या सीमा घरबसल्या काढता येतात. पण मोकळ्या रानाचे उपग्रहाला दिसते ते वरचे कातडे. त्या रंगाखाली दीड फूट माती आहे की पाच फूट, हे चित्रात उमटत नाही. उतारावरून अंदाज बांधता येतो, कारण बेसाल्टच्या प्रदेशात माथ्यावर माती उथळ आणि पायथ्याला खोल असते. तो अंदाज प्रत्यक्ष खड्ड्यांशी ताडून पाहिला तरच त्यावर विसंबता येते. संगणकाला शिकवून मातीचे नकाशे तयार करण्याची जी नवी तंत्रे आहेत, त्यांचेही तसेच आहे. प्रारूप शिकते ते नोंदवलेल्या खड्ड्यांवरून. जगभरासाठी अडीचशे मीटरच्या चौकटींत तयार केलेले मातीचे अंदाज आज इंटरनेटवर सहज मिळतात. त्यातली एक चौकट सव्वासहा हेक्टरची असते, आणि जिथे खड्डे विरळ तिथे त्या आकड्यांत सफाई दिसते, माहिती नसते. उपग्रहाचा खरा उपयोग खड्ड्यांची संख्या कमी करण्यात आहे: आधी चित्र आणि उतार पाहून गावाचे सारख्या स्वभावाचे भाग पाडायचे आणि मग प्रत्येक भागात मोजके खड्डे घ्यायचे.

हे करता येते याचा पुरावा शेजारच्या कर्नाटकात आहे. जागतिक बँकेच्या मदतीने तिथे राबवलेल्या सुजला प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात नागपूरच्याच राष्ट्रीय संस्थेच्या बंगळूर केंद्राने, कृषी विद्यापीठे आणि इतर संस्थांसह, अकरा जिल्ह्यांतल्या निवडक लघु पाणलोटांत जमिनीच्या साधनसंपत्तीची नोंदणी केली. आधाराला एकास ७,९२० प्रमाणाचे गावनकाशे घेतले, ज्यांत प्रत्येक सर्व्हे नंबरची हद्द दिसते. त्यावर उपग्रहचित्र बसवले, मग खड्डे घेऊन खोली, पोत, खडकाळपणा, उतार, धूप आणि क्षार नोंदवले. त्यातून कोणत्या सर्व्हे नंबरात कोणते पीक कितपत योग्य आणि मृदसंधारणाचे कोणते काम कुठे करावे, हे त्या त्या पाणलोटापुरते सांगता आले. ज्ञान बाहेरून आणावे लागले नाही आणि संस्थाही परकी नव्हती. महाराष्ट्रात कमी पडली ती मागणी: शासनाच्या कोणत्याच खर्चाला अशा नकाशाची पूर्वअट नसेल, तर तो नकाशा कोण मागणार?

ही पूर्वअट नसल्याची किंमत जागोजागी दिसते. कृष्णाकाठी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत उपसा सिंचनाचे पाणी भारी जमिनींत वर्षानुवर्षे दिले गेले. निचऱ्याचा विचार त्या पाण्याबरोबर आला नाही आणि उत्तम गणली जाणारी शेते क्षारपड झाली. आज तिथे शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्यासाठी पैसे मोजत आहेत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात माती खोल आणि काळी आहे. वरून पाहणारा तिला पहिली प्रत देईल. पण खालच्या थरांत सोडियमचे प्रमाण वाढले की माती पाणी पुढे जाऊ देत नाही, आणि या खारपाणपट्ट्यातले भूजल खारे असल्याने विहिरीचे पाणी हा उपाय राहत नाही. म्हणून खोली मोजताना थर पाहणेही आलेच. त्याच विदर्भात संत्र्याच्या बागा चुनखडीच्या जमिनीत पिवळ्या पडतात आणि निचरा नसलेल्या भारी रानात डिंक्या रोगाला बळी पडतात. बाग लावून पाच-सहा वर्षे सांभाळल्यावर ही गोष्ट कळण्यापेक्षा रोप लावण्याआधी चार फुटांचा एक खड्डा घेणे किती स्वस्त! शेततळ्यांचेही असेच. घट्ट काळ्या मातीत खणलेले तळे पावसाचे पाणी धरते. मुरमात खणलेले पाझरते, मग त्यात प्लास्टिकचे अस्तर येते आणि पुष्कळदा ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी सुरू केलेली योजना अशा ठिकाणी भूजल उपसून उन्हात ठेवू लागते.

पैशाच्या इतर वाटाही सरासरीवर चालतात. पीककर्जाची हेक्टरी मर्यादा पिकानुसार ठरते. पीकविम्यात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे एकक धरले जाते आणि नुकसान मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून काढले जाते. मंडळात भारी आणि हलकी जमीन दोन्ही असेल तर भारी रानाचे बरे उत्पादन हलक्या रानाचे नुकसान झाकते. उथळ मातीचा शेतकरी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होरपळतो, आणि त्याच्याच नुकसानीची नोंद सरासरीत विरून जाते. मातीची खोली ठाऊक असेल तर मंडळातली पीककापणी प्रयोगांची ठिकाणे हलक्या आणि भारी जमिनीत प्रमाणशीर वाटता येतील आणि भरपाईही त्यानुसार वेगळी काढता येईल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची जी पद्धत बसवली गेली, ती या दिशेचे महत्त्वाचे पाऊल होती. त्यात पाऊस, उतार, पीक आणि मातीचा पोत-खोली यांवरून कुठे पाण्याची किती तूट पडेल ते काढले जाते. पण ताळेबंद जमाखर्चाच्या आकड्यांइतकाच खरा असतो. मातीची खोली ढोबळ नकाशावरून घेतली तर शेतापर्यंतचे उत्तरही ढोबळच येणार.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्यांकडूनच येईल, आणि तो योग्यही आहे: आमच्या रानात कुठे काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे, नकाशा कशाला? पिढ्यानपिढ्या एकच जमीन कसणाऱ्याला तिचा स्वभाव कोणत्याही शास्त्रज्ञाहून अधिक कळतो. सर्वेक्षणाने सुरुवात त्याच्याकडे विचारण्यापासून करावी. पण ते ज्ञान त्याच्या बांधावर थांबते. बँकेतला अधिकारी, विमा कंपनी, कालव्याचे पाणी ठरवणारा अभियंता, ठोक्याने जमीन घेणारा नवा कसणारा यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय नांगराच्या फाळाखाली, तीन-चार फुटांवर काय आहे हे पुष्कळदा मालकालाही विहीर किंवा तळे खणल्यावरच कळते. सार्वजनिक निर्णय त्याच्या शेताविषयी होत असतील, तर त्याचे ज्ञान त्या निर्णयाच्या कागदावर असायला हवे.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जमिनीची प्रत एकदा कागदावर आली की बँक कर्ज नाकारेल, विकताना भाव पडेल, भूसंपादनात ‘हलकी जमीन’ म्हणून मोबदला कमी होईल, उद्या कोणते पीक घ्यायचे याची सक्तीही होईल. जमिनीच्या मोजणीचा इतिहास करवसुलीचा आहे, तेव्हा हा संशय निराधार म्हणता येणार नाही. म्हणून नकाशावर चांगली-वाईट असे शिक्के असू नयेत. मोजलेली मूल्ये असावीत: खोली इतके सेंटिमीटर, पोत असा, निचरा असा, चुनखड इतक्या खोलीवर. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्येच भूमी मूल्यांकनाची जी चौकट मांडली, तिचा गाभा हाच आहे. जमीन सरसकट चांगली किंवा वाईट नसते, ती अमुक उपयोगासाठी योग्य किंवा अयोग्य असते. भाताला पाणी थांबवणारी जमीन हवी, संत्र्याला ते पाणी मारते. ही नोंद शेतकऱ्याला पाहता यावी, चुकीची वाटल्यास फेरमोजणी मागता यावी, आणि तिच्या आधारे कर्ज नाकारायला किंवा मोबदला कमी करायला कायद्याने मनाई असावी. या अटी नसतील तर शेतकऱ्यांनी विरोध करावा, आणि तो रास्त ठरेल.

पीक माती ठरवत नाही, बाजार ठरवतो, हेही खरेच आहे. उसाला ठरलेला दर आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे; ज्वारी-करडईला हमीभाव जाहीर होतो, पण ठरलेले गिऱ्हाईक नाही. नकाशा दाखवून कोणी ऊस सोडणार नाही. म्हणूनच मी नकाशाकडून पीकबदलाची अपेक्षा करत नाही. अपेक्षा एवढीच आहे की जिथे सरकार स्वतः पैसा घालते, तिथे जागेची निवड मातीवरून व्हावी: शेततळे, फळबाग लागवडीचे अनुदान, ठिबक, बंधारे, कालव्याच्या पाळ्या. शास्त्रीय नकाशा कायदेशीर निर्णयाला बांधण्याची या राज्याला सवय आहेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोटांत विभागणी केली, आणि अतिशोषित पाणलोटात नव्या विहिरीला सरकारी मदत मिळणे अवघड झाले. अंमलबजावणीत ढिलाई आहे, पण तत्त्व मान्य झाले आहे. पाण्याला लावलेला नियम मातीला लावायचा आहे.

राहिला खर्च आणि मनुष्यबळ. प्रशिक्षित मृदा सर्वेक्षक थोडे आहेत, ही खरी अडचण आहे, आणि एका वर्षात सगळे राज्य मोजून होणार नाही. पण सर्व काही शून्यापासून करायचे नाही. दरवर्षी सरकारी अनुदानातून हजारो ठिकाणी माती खणली जाते: शेततळी, विहिरी, चर. देयकासाठी त्या कामांची लांबी-रुंदी मोजली जातेच. त्याच वेळी कडेच्या उभ्या कापाचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि मुरूम किती खोलीवर लागला एवढी नोंद कृषी विभागाच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने मोबाइलवर घ्यायची ठरवली, तर पाच वर्षांत गावोगावच्या मातीचा जो साठा जमेल तो विकत घ्यायला कोट्यवधी रुपये लागले असते. या नोंदी तज्ज्ञांच्या खड्ड्यांची जागा घेणार नाहीत, पण खड्डे कुठे घ्यायचे ते सांगतील. कृषी महाविद्यालयांतून दरवर्षी मृदाशास्त्र शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी आहेत, त्यांना एकेक पाणलोट देता येईल. सुरुवात कोरडवाहू सोयाबीन-कापसाच्या, उथळ जमिनींच्या तालुक्यांतून व्हावी, कारण तिथे एका चुकीच्या हंगामाची किंमत सर्वांत जास्त आहे. सर्वेक्षणाचे खड्डे रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये रान मोकळे असतानाच घेता येतात. म्हणजे येत्या उन्हाळ्यात काम सुरू व्हायचे असेल, तर त्यासाठीची तरतूद मार्चच्या अर्थसंकल्पात दिसायला हवी, आणि शेततळ्याच्या मंजुरीच्या नमुन्यात मातीच्या खोलीचा रकाना त्याआधी.